आंबिया बहारात फुलोरा भरपूर, फळधारणा तुटपुंजी: उष्णतेचा घाव नेमका कोणत्या टप्प्यावर बसतो?

संत्रा बागाईतदार, वरुड

नमस्कार मंडळी,

अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात माझी नागपुरी संत्र्याची बाग आहे. झाडे जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेली आणि पूर्ण वाढलेली आहेत, जमीन मध्यम ते भारी काळी आहे आणि ओलीत ठिबकवर आहे. मी प्रामुख्याने आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणारा बहार, घेतो. डिसेंबरमध्ये पाणी तोडून झाडांना ताण देतो आणि जानेवारीत मशागत व खते आटोपून पाणी सुरू करतो. फुलोऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. फेब्रुवारीत झाडे इतकी पांढरी होतात की पाने शोधावी लागतात. अडचण त्यानंतर सुरू होते. पाकळ्या झडल्यावर काही दिवसांतच बारीक, पिवळी पडलेली फळे गळू लागतात, मार्चअखेरीपासून वाटाण्याएवढी फळेही गळतात आणि मे महिन्यात झाडावर जे उरते ते फुलोऱ्याच्या मानाने फारच थोडे असते. ज्या वर्षी फेब्रुवारीतच ऊन तापते त्या वर्षी ही गळ वाढते, असे मी आणि शेजारचे बागाईतदार पाहत आलो आहोत.

कारणाबद्दल मात्र आमच्यात एकमत नाही. काहींच्या मते मधमाश्या कमी झाल्यामुळे परागीभवनच होत नाही. काही म्हणतात की उष्णतेने परागकण मरतात, त्यामुळे मधमाश्या असूनही उपयोग नाही. कृषी सेवा केंद्रावर विचारले तर संप्रेरकाची फवारणी सुचवली जाते. पण फूलच फलित झाले नसेल तर फवारणीने ते कसे टिकेल, याचे उत्तर मिळत नाही. म्हणून मला नेमके हे समजून घ्यायचे आहे की, उष्णतेचा परिणाम कळीवर होतो, उमललेल्या फुलावर होतो की धरलेल्या फळावर, आणि बागेत उभे राहून हे ओळखायचे कसे. शिवाय एक शंका अशी की, मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या बहाराचा, ताण तर भर मे महिन्यातल्या उन्हात बसतो, तरी त्या बहारात अशी गळ का दिसत नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त प्राध्यापक, वनस्पती शरीरक्रियाशास्त्र, अकोला

नमस्कार.

संत्र्याच्या पुनरुत्पादनात तापमानाचा हात चार ठिकाणी असतो आणि त्यांपैकी दोन ठिकाणांचे काम फूल उमलण्यापूर्वीच होऊन गेलेले असते. चारही ठिकाणी त्याची वागणूक वेगळी असल्यामुळे ती वेगवेगळी पाहिली, तरच आपल्या शंकेचा उलगडा होईल.

पहिले ठिकाण म्हणजे डोळ्यात (फांदीवरच्या सुप्त कोंबात) फूल ठरणे. लिंबूवर्गीय झाडांचा फुलोरा दिवस लहान की मोठा यावर अवलंबून नसतो; त्याला चालना मिळते ती थंडीने किंवा पाण्याच्या ताणाने. काही आठवडे तापमान साधारण २० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले, तर वाढ मंदावते, फुलोऱ्याचा संदेश देणारे प्रथिन पानांत तयार होऊन डोळ्यांपर्यंत पोहोचते आणि पुढे ऊब व पाणी मिळताच त्या डोळ्यांतून कळ्या निघतात. स्पेन किंवा कॅलिफोर्नियात हे काम हिवाळा करतो, उष्ण कटिबंधात ते कोरडा काळ करतो आणि विदर्भात डिसेंबर-जानेवारीत दोन्ही एकत्र येतात, म्हणूनच आंबिया बहार एवढा भरघोस फुलतो. हिवाळा उबदार गेला किंवा ताणाच्या काळात ढग आणि अवकाळी पाऊस आला, तर फुलांऐवजी नवती, म्हणजे नवी पालवी, जास्त निघते. आपल्याकडे हा टप्पा व्यवस्थित पार पडतो, हे आपल्या वर्णनावरून स्पष्ट आहे.

मात्र "पाने शोधावी लागतात" हे आपले वाक्य मला महत्त्वाचे वाटते. संत्र्याला दोन प्रकारचे फुलोरे येतात. एकात नुसती फुले असतात, पाने नसतात. दुसऱ्यात कोवळ्या पानांच्या फुटीवर, बहुधा टोकाला, एक किंवा मोजकी फुले असतात. कडक थंडी आणि दीर्घ ताण यांनंतर पहिला प्रकार वाढतो, तर तुलनेने सौम्य हवामानात दुसरा. बिनपानांच्या फुलोऱ्यात फुलांची संख्या अफाट असते, पण त्यांचे अंडाशय लहान राहतात आणि त्यांतील फारच थोडी फुले फळापर्यंत पोहोचतात. पानांसह आलेल्या फुलाला जवळच अन्न तयार करणारी आणि पाणी ओढणारी पाने मिळत असल्याने ते अधिक टिकते. म्हणून पांढरे झालेले झाड पाहून पिकाचा अंदाज बांधणे मला योग्य वाटत नाही. पूर्ण वाढलेल्या संत्रावर्गीय झाडावर एका बहारात लाखभर फुले येऊ शकतात आणि त्यांतील शेकडा एक-दोन फुलांची फळे झाली, तरी ते चांगले पीक असते. फुलोऱ्याच्या मानाने फळे थोडी असणे हा या झाडाचा स्वभावच आहे. चिंतेचा विषय आहे तो त्या एक-दोन टक्क्यांतही घट होण्याचा.

दुसरे ठिकाण कळीचे. परागकोशात परागकण घडण्याची नाजूक प्रक्रिया फूल उमलण्याच्या बरीच आधी, कळी लहान असतानाच होते. त्यामुळे उमललेल्या फुलातील परागकण कसे असतील, हे त्या दिवशीच्या उन्हापेक्षा आधीच्या दिवसांतील हवामानावर अधिक ठरते. जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अचानक उष्णतेची लाट आली, तर काही परागकण पोकळ आणि सुकलेले निघतात. उष्णतेमुळे कळीची वाढही घाईने उरकते, फूल लहान राहते आणि अंडाशय पुरेसा पोसला जाण्यापूर्वीच ते उमलते. माझ्या मते परागकणांच्या नुकसानीइतकेच हे अंडाशयाचे अपुरे पोषणही गंभीर आहे. पण त्याची चर्चा कमी होते, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

तिसरे ठिकाण उमललेल्या फुलाचे, म्हणजे प्रत्यक्ष परागीभवनाचे. संत्रावर्गीय परागकण साधारण २५ अंशांच्या आसपास सर्वांत चांगले रुजतात. १५ अंशांखाली परागनलिकेची वाढ फार मंदावते आणि १० अंशांवर ती जवळजवळ थांबते. तापमान वाढले की नलिका वेगाने वाढते, परंतु त्याच वेळी कुक्षी (परागकण स्वीकारणारे स्त्रीकेसराचे टोक) लवकर सुकते आणि बीजांडाचे आयुष्यही घटते. नलिका पोहोचण्यापूर्वी बीजांड निकामी झाले, तर परागीभवन होऊनही फलन होत नाही. तापमान ३५ अंशांपलीकडे गेले आणि वारा कोरडा असला, म्हणजे कुक्षीवरचा चिकट स्राव आटतो आणि परागकण तेथे रुजतच नाहीत. विदर्भात फेब्रुवारीचे दिवस सामान्यतः तिशीच्या आसपास आणि रात्री गार असतात, म्हणून सर्वसाधारण वर्षी या टप्प्यावर मोठे नुकसान होऊ नये. मात्र भारतीय हवामान खात्याच्या नोंदींनुसार सरासरी कमाल तापमानाच्या बाबतीत फेब्रुवारी २०२३ हा देशात १९०१ पासूनचा तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, त्याआधी मार्च २०२२ हा तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला होता, आणि अशा वर्षांत सर्वसाधारण वर्षाचा आडाखा उपयोगी पडत नाही. मार्च २०२२ च्या उष्णतेनंतर पंजाबात अबोहर भागातील किन्नो या संत्रावर्गीय जातीच्या बागांत फळधारणा घटली होती. त्यांचा फुलोरा आपल्यानंतर, मार्चमध्ये येतो, म्हणून तो नेमका त्या उष्णतेत सापडला.

चौथे ठिकाण धरलेल्या कोवळ्या फळाचे. आपल्या भागात सर्वांत मोठी हानी येथे होते, असे माझे मत आहे. संत्र्याची मुळे पाणी सावकाश ओढतात. जमिनीत ओल असली तरी मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पाने जेवढे पाणी सोडू पाहतात तेवढे मुळांना पुरवता येत नाही, तेव्हा झाड पर्णरंध्रे मिटून घेते. त्यामुळे पाने आणखी तापतात, कर्बोदके तयार होणे मंदावते आणि शेकडो कोवळ्या फळांना अन्न कमी पडते. याहून वाईट म्हणजे दुपारी पाने फळांतलेच पाणी ओढून घेतात. कॅलिफोर्नियात वॉशिंग्टन नेव्हल संत्र्याच्या अशाच फळगळीचा अभ्यास करून कॉइट आणि हॉजसन यांनी १९१९ मध्ये उष्ण, कोरड्या दुपारी होणाऱ्या या पाणीतुटीकडे बोट दाखवले होते. पाणी आणि शर्करा यांची टंचाई झाली की ॲबसिसिक आम्ल आणि इथिलीन ही गळ घडवणारी संप्रेरके वाढतात, देठाच्या तळाशी पेशींचा सांधा सुटतो आणि फळ गळते.

आता तिसरा आणि चौथा टप्पा एकमेकांशी कसे जोडलेले आहेत ते पाहू. नेव्हल किंवा जपानी सात्सुमा या बिनबियांच्या जातींत परागीभवनाशिवायही अंडाशय वाढतो. नागपुरी संत्रा बियांचा आहे. त्यात फलन झाल्यावर अंडाशयात जिब्रेलिन या वाढीच्या संप्रेरकाची पातळी वाढते आणि त्या बळावर कोवळे फळ इतर फळांशी अन्नासाठी स्पर्धा करते. परागीभवन अर्धवट झालेले फळ लगेच गळेलच असे नाही. ते काही दिवस तग धरते आणि उष्णतेचा पहिला तडाखा बसताच सर्वांत आधी गळते. म्हणून एप्रिलमध्ये गळालेल्या काही फळांचे मूळ दुखणे फेब्रुवारीतील असू शकते.

मृग बहाराबद्दलची आपली शंका रास्त आहे. मे महिन्यातील ऊन तेथे ताण देण्याचे, म्हणजे पहिल्या टप्प्याचे काम करते. पाऊस पडताच तापमान झपाट्याने उतरते, हवेत दमटपणा येतो आणि कळी, फूल व कोवळे फळ हे तिन्ही नाजूक टप्पे पावसाळी हवेत पार पडतात. पावसाने मोठा खंड दिला, तर मात्र मृगातही अशीच गळ होते.

आपण पुढील गोष्टी कळवाव्यात: सर्वाधिक फळे कोणत्या आकाराची असताना गळतात, गळ बागेत सर्वत्र सारखी आहे का, आणि पिकलेल्या फळांत बिया नेहमीइतक्याच असतात का?

मधुपालक, वर्धा

प्राध्यापक महोदयांचे विवेचन मला पटते, तरी परागीभवनाला त्यांनी दिलेले स्थान मला थोडे कमी वाटते, म्हणून लिहीत आहे.

संत्र्याचे परागकण चिकट आणि जड असतात. ते वाऱ्याने वाहून जाण्याजोगे नाहीत. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर जायचे तर कीटकच हवेत. एकाच फुलात पुंकेसर आणि कुक्षी जवळजवळ असल्याने थोडे स्वपरागीभवन आपोआप होते हे खरे, परंतु कुक्षीवर मोजके परागकण पडणे आणि भरपूर परागकण पडणे यांत फलित होणाऱ्या बीजांडांच्या संख्येचा फरक पडतो. फळाला तग धरण्याचे बळ बियांमुळेच मिळत असेल, तर हा फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही.

तापमान फुलाइतकेच मधमाशीच्या कामावरही परिणाम करते. साधारण १३ अंशांखाली मधमाश्या बाहेर पडत नाहीत, म्हणून जानेवारीअखेरच्या गार सकाळी त्या उशिरा कामाला लागतात. दुसऱ्या टोकाला, पोळ्यातील पिलाव्याचे तापमान त्यांना ३४ ते ३५ अंशांवर राखावे लागते. बाहेर कडक उष्णता झाली की अनेक कामकरी माश्या पराग आणि मकरंद सोडून पाणी आणण्याच्या कामाला लागतात. ज्या दिवशी फुलातील कुक्षी लवकर सुकणार असते, नेमक्या त्याच दिवशी फुलांवर येणाऱ्या माश्याही कमी होतात. ताणात राहिलेल्या झाडाच्या फुलात मकरंद कमी आणि दाट असतो, त्यामुळे असलेल्या माश्याही शेजारच्या दुसऱ्या फुलोऱ्याकडे वळतात. बागेत सावलीत, उथळ भांड्यात खडे टाकून स्वच्छ पाणी ठेवले, तर माश्यांची पाण्यासाठीची धावपळ बरीच कमी होते.

याहून मोठी गोष्ट फवारणीची आहे. आंबिया बहाराची नवती आणि फुलोरा एकाच सुमारास येतात आणि नवतीवर सिट्रस सायला ही रस शोषणारी कीड व पाने पोखरणारी अळी येते. त्यांच्यासाठी घेतलेली इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम या कीटकनाशकांची फवारणी भर फुलोऱ्यात झाली, तर आग्या, सातेरी, फुलोरी सगळ्याच माश्यांचा नाश होतो. कळ्या उमलण्यापूर्वी किंवा पाकळ्या झडून गेल्यावर फवारणी करावी; मध्येच करणे अटळ झाले, तर संध्याकाळी माश्या परतल्यावर आणि मधमाश्यांना कमी घातक असलेल्या औषधाची करावी. भाड्याने पेट्या आणणाऱ्या बागाईतदारांनी शेजारच्या शेतांतील फवारणीच्या तारखाही विचारून घ्याव्यात. आपली बाग सुरक्षित असली, तरी माशी धुरा (शेताचा बांध) ओळखत नाही.

आणि परागीभवन कमी पडते आहे की नाही, याचा निकाल बागेतच लावता येतो. एकाच झाडाच्या सारख्या जोमाच्या, एकाच दिशेच्या काही फांद्या निवडाव्यात. काहींवर कळ्या उमलण्याआधी मलमलीच्या पिशव्या बांधाव्यात, काही तशाच मोकळ्या ठेवाव्यात आणि काहींवर उमललेल्या फुलांच्या कुक्षीला दुसऱ्या झाडाच्या ताज्या पुंकेसरांचा स्पर्श सकाळी हाताने करावा. फुले मोजून ठेवावीत आणि मार्चअखेर फळे मोजावीत. हाताने पराग लावलेल्या फांद्यांवर मोकळ्या फांद्यांपेक्षा ठळकपणे जास्त फळे टिकली, तर परागीभवन कमी पडत होते असे समजावे. दोन्हींवर सारखीच गळ झाली, तर माश्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पाकळ्या झडताच पिशव्या काढाव्यात, नाहीतर पिशवीतील वाढलेल्या उष्णतेनेच फळे गळतील आणि तुलना फसेल.

कागदी लिंबू उत्पादक, श्रीगोंदा

आमच्याकडे कागदी लिंबाचा हस्त बहार, म्हणजे पावसाळा संपताना येणारा बहार, महत्त्वाचा, कारण त्याची फळे उन्हाळ्यात मिळतात. संत्र्याला किती लागू पडेल ते जाणकारांनी सांगावे, पण लिंबाच्या बागेत एक तपासणी करणे मला आवश्यक वाटते. उमललेली फुले तोडून त्यांच्या मध्यभागी पाहावे. काही फुलांत पुंकेसर उत्तम असतात, पण स्त्रीकेसर खुंटलेला असतो किंवा नसतोच. अशी फुले नरफुलेच असतात. त्यांना फळ लागणे शक्य नसते. ऋतू आणि झाडाची ताकद यांनुसार त्यांचे प्रमाण कमी-जास्त होते आणि अशक्त झाडावर ते अधिक दिसते. गळालेल्या फुलांत नरफुलांचा भरणा असेल, तर ती गळ थांबवण्याचा प्रयत्न करण्यात खर्च वाया जातो.

दुसरे असे की, हस्त बहारासाठी जूनमध्ये जिब्रेलिक ॲसिड, सप्टेंबरमध्ये सायकोसेल (वाढ रोखणारे द्रव्य) आणि ऑक्टोबरमध्ये पोटॅशियम नायट्रेट अशा फवारण्यांची शिफारस आहे. यातील जूनची फवारणी मृगाची फुले कमी करण्यासाठी असते. म्हणजे जिब्रेलिक ॲसिड एका वेळी फुले रोखते आणि दुसऱ्या वेळी फळे टिकवते. आंबिया बहार घेणाऱ्यांनी ते चुकीच्या महिन्यात फवारले, तर काय होईल याचाही खुलासा व्हावा.

संत्रा बागाईतदार, वरुड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विचारलेली माहिती अशी: पाकळ्या झडल्यानंतरची गळ दरवर्षी असते, पण पिकाला खरा फटका मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत बसतो आणि त्या वेळी गळालेली फळे वाटाणा ते लहान बोराएवढी असतात. बहुतेक फळे देठासह पडतात. गळ सर्वत्र सारखी नाही. पश्चिमेकडच्या धुऱ्यालगतच्या ओळींत ती सर्वाधिक आहे आणि विहिरीजवळच्या मोठ्या झाडांच्या आडोशाला असलेल्या ओळींत सर्वांत कमी. पिकलेल्या फळांत बिया नेहमीसारख्याच आहेत. एप्रिलमध्ये पाण्याची पाळी वाढवूनही धुऱ्याकडची गळ थांबत नाही, उलट काही झाडांची पाने पिवळी पडतात. संप्रेरकाच्या फवारणीबाबतही मार्गदर्शन हवे आहे, कारण लागूनच भाजीपाल्याचे शेत आहे.

निवृत्त प्राध्यापक, वनस्पती शरीरक्रियाशास्त्र, अकोला

या माहितीवरून आपल्या बागेतील मुख्य नुकसान चौथ्या टप्प्यावर होते, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणेन. परागीभवन सर्वत्र कमी पडत असते, तर आडोशाच्या आणि धुऱ्याकडच्या ओळींत एवढा फरक दिसला नसता. बियांचा पुरावाही त्याच दिशेचा आहे, मात्र तो जपून वापरावा, कारण आपण ज्या फळांच्या बिया मोजतो ती गळीतून वाचलेली फळे असतात. म्हणून मधुपालक महोदयांनी सुचवलेली फांद्यांची तुलना अवश्य करावी, आणि ती धुऱ्याकडच्या व आडोशाच्या अशा दोन्ही ओळींत करावी.

देठासह गळण्यावरून फारसा निष्कर्ष काढू नये. संत्र्यात फळ सुटण्याच्या दोन जागा असतात: एक फांदी आणि देठ यांच्या सांध्यावर, दुसरी फळ आणि हिरवी टोपी यांच्यामध्ये. फुले आणि कोवळी फळे पहिल्या जागेवरून सुटतात, मोठी फळे दुसऱ्या जागेवरून. त्यामुळे देठ पाहून फळाचे वय कळते, गळीचे कारण कळत नाही.

पाणी वाढवूनही गळ थांबत नाही, याचे कारण भारी जमिनीत शोधावे. काळ्या जमिनीत पाळीमागून पाळी दिली की वाफसा येत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि ओलीत उभे असूनही झाडाला पाणी ओढता येत नाही. पाने पिवळी पडणे हे त्याचेच लक्षण दिसते. शिवाय अशा ओलीत मूळकुज आणि डिंक्याला (खोडातून डिंक वाहण्याच्या रोगाला) कारण ठरणारी फायटोप्थोरा बुरशी वाढते. एका वेळी भरपूर पाणी देण्यापेक्षा ठिबकचे पाणी रोज किंवा एक दिवसाआड, थोडे आणि झाडाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून द्यावे. ते संध्याकाळनंतर किंवा पहाटे दिले, तर सूर्य चढण्याआधी झाडाची पाणीतूट भरून निघते. वितभर खोलीची माती मुठीत दाबून वाफसा पाहिल्याशिवाय पाळी वाढवू नये. फेब्रुवारीतच आळ्यात सोयाबीनचे किंवा गव्हाचे कुटार (भुसा) जाड पसरावे, मात्र ते बुंध्याला टेकू देऊ नये. वरच्या थरातील अन्नशोषक मुळांना उष्णतेपासून वाचवण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

पश्चिमेच्या धुऱ्यावर वारारोधक झाडे हवीतच. शेवरी लवकर वाढते, तिच्यामागे बांबू किंवा दुसरी उंच, दाट झाडे उभी राहू द्यावीत. त्यांनी थर्मामीटरवरील आकडा फारसा बदलणार नाही. पण कोरड्या वाऱ्याचा वेग कमी झाला की पानांमधून होणारे बाष्पीभवन घटते आणि पर्णरंध्रे दिवसातून अधिक काळ उघडी राहतात. धुऱ्याकडच्या ओळींवर केओलिन या पांढऱ्या मातीचा थर फवारून पानांचे तापमान काही प्रमाणात कमी करता येते, मात्र फुलोरा संपल्यावरच फवारावे, म्हणजे कुक्षीवर भुकटी बसणार नाही.

ताण तोडण्याच्या तारखेचाही विचार व्हावा. फुलोरा आठ-दहा दिवस आधी आणता आला, तर एप्रिलची उष्णता येईपर्यंत फळे थोडी मोठी आणि बळकट झालेली असतात. पण फार आधी आणल्यास गार रात्री आणि उशिरा बाहेर पडणाऱ्या माश्या यांमुळे परागीभवन रेंगाळते. म्हणून ही सरकवासरकव थोडक्या झाडांवर करून पाहावी, संपूर्ण बागेवर नाही. त्याचप्रमाणे ताण इतका लांबवू नये की जुनी पाने झडून झाड नुसत्या फुलांचे होईल. पानांसह फुलोरा यावा, एवढाच ताण पुरेसा असतो.

श्रीगोंद्याच्या मित्रांनी विचारलेला मुद्दा फार मोलाचा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये डोळ्यांत फूल ठरत असताना जिब्रेलिक ॲसिड फवारले, तर आंबियाची फुले घटतात आणि नवती वाढते. त्या काळात ते आंबियाच्या बागेत वापरू नये. फळधारणेनंतर मात्र तेच कोवळ्या फळाला आधार देते, कारण बियांकडून मिळणाऱ्या जिब्रेलिनमध्ये ते भर घालते. आपला मूळ प्रश्न येथे सुटतो: फलनच न झालेल्या फुलाला ही फवारणी वाचवील अशी आशा धरू नये, पण फलित झालेल्या, तरीही अन्न-पाण्याच्या टंचाईत मागे पडलेल्या फळाला ती टिकवू शकते. विदर्भात फळगळीसाठी प्रचलित शिफारस १०० लिटर पाण्यात जिब्रेलिक ॲसिड १.५ ग्रॅम किंवा २,४-डी १.५ ग्रॅम, सोबत युरिया १ किलो, अशी असून फवारणी पंधरा दिवसांच्या अंतराने पुन्हा घेतात. ही मात्रा वाढवू नये, दुपारच्या उन्हात फवारू नये आणि झाड पाण्याच्या ताणात असताना तर मुळीच फवारू नये.

आपल्या शेजारी भाजीपाला असल्याने २,४-डी टाळावे. ते मुळात तणनाशक आहे. वाऱ्यावर उडालेल्या अल्प अंशानेही टोमॅटो, वांगी, भेंडी आणि कपाशीची पाने आकसतात व वेडीवाकडी होतात. त्याच पंपाने पुढे दुसऱ्या पिकावर फवारले, तरीही तोच धोका राहतो. आपण जिब्रेलिक ॲसिडच वापरावे, वारा पडल्यावर संध्याकाळी फवारावे, आणि धुऱ्याकडच्या ओळींतील काही झाडे न फवारता सोडावीत, म्हणजे फरक पडला तो फवारणीने की बदललेल्या ओलिताने, हे मे महिन्यात फळे मोजून ठरवता येईल.